दोन ताकिदी

३ मार्च, सोमवार

सकाळी सहाला उठलो. पाणी भरले. खारूचे कपडे धुतले. दोन पँटी, तीन सदरे आणि कामाचा निळा डगला. डगल्यावरचे ग्रीस दोनदा साबण लावूनही निघाले नाही. दुपारी भात केला, तो जास्त झाला. हात अजून दोघांच्या मापाने जातो. संध्याकाळी कोणी आले नाही.

मी आजवर दैनंदिनी लिहिलेली नाही. नकाशा कार्यालयात एकतीस वर्षे नकाशांवर गावांची आणि ओढ्यांची नावे हाताने काढली, पण ती दुसऱ्यांनी ठरवलेली नावे. मनातले लिहायची सवय नाही. बोलायचीही नव्हतीच. ही वही खारूची. पहिली चार पाने त्याने परवान्याच्या परीक्षेच्या अभ्यासाला वापरली आहेत. ती तशीच ठेवून पाचव्यावर सुरुवात केली.

घडले ते एकदाच लिहितो. माझा मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक होता. वय सत्तावीस. लहानपणी कपाटावर नाहीतर खिडकीच्या गजांवर चढून बसायचा, म्हणून खारू. २० फेब्रुवारीला कापडाच्या दुकानांच्या एका इमारतीत तो लिफ्टच्या टपावर उतरला. टपावर एक खटका असतो. तो फिरवला की बाहेरून कोणी कितीही बटणे दाबली तरी लिफ्ट हलत नाही. खारूने तो फिरवला नव्हता. वरच्या मजल्यावर कोणीतरी लिफ्ट बोलावली.

पुढचे लिहीत नाही.

५ मार्च, बुधवार

जावई आले होते. ते त्याच कंपनीत सुपरवायझर आहेत. खारूला त्यांनीच तिथे लावले, शिकवलेही त्यांनीच. गेले पंधरा दिवस सगळी धावपळ तेच करत आहेत. पोलीस, इस्पितळ, दाखला, सगळे. मला कुठे सही करायची तेवढे बोटाने दाखवतात.

आज खारूची कामाची पिशवी मागितली. म्हणाले, कंपनीचे सामान आहे, जमा करावे लागते. पिशवीत दारे उघडायची किल्ली, मीटर, हातमोजे आणि रबरबँड लावलेल्या चारपाच पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठ्या त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या आणि खिशात ठेवल्या. आणखी काही कागद आहेत का म्हणून विचारले. मी नाही म्हणालो. जाताना वाकून नमस्कार केला. आजपर्यंत ते फक्त हात जोडायचे.

९ मार्च, रविवार

ताई आली. माझी मुलगी, खारूपेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा खारू नऊ वर्षांचा होता, त्याचे सगळे तिनेच केले. आज तिने ओटा घासला, डबे पुसले. खारूच्या खोलीत मात्र गेली नाही. दारातूनच म्हणाली की परीक्षेचा अर्ज रद्द करायचा आहे, त्याची सही असलेला एखादा कागद लागेल, जुळवून बघतात. मी वाचनालयाचे कार्ड आणि जुना एक अर्ज दिला.

कार्डाकडे पाहून ती रडायला लागली. त्याला सही करायला तिनेच शिकवले होते. दहावीच्या फॉर्मच्या वेळी दोघे जेवायच्या टेबलावर तासभर बसले होते. एकच सही त्याने पन्नासदा गिरवली आणि ती म्हणाली होती, "आता बँकेच्या मॅनेजरची वाटते." आज मी तिला ही आठवण करून दिली. बरे वाटेल म्हणून. ती कागद पर्समध्ये टाकून लगेच निघाली. चहाही घेतला नाही.

१२ मार्च, बुधवार

जावई टाइप केलेला कागद घेऊन आले. सुरक्षा खात्याची चौकशी आहे, त्यात घरच्या माणसाचा जबाब लागतो. जबाब इंग्रजीत. ते म्हणाले, मी थोडक्यात सांगतो. मी म्हणालो, वाचतो. इंग्रजी मला कार्यालयापुरते येते.

बहुतेक मजकूर साधा होता. नाव, वय, नाते. शेवटी एक वाक्य होते की मुलाला कामातल्या निष्काळजीपणाबद्दल यापूर्वी दोनदा वॉर्न करण्यात आले होते आणि हे त्याने स्वतः मला सांगितले होते.

"बाबा, सांगितलं होतं ना त्यानं तुम्हाला?" जावयांनी विचारले.

सांगितले होते हे खरे आहे. जानेवारीत एकदा घरी आला तो हसतच. दाजींनी आज कान उपटले म्हणाला, आणि वर भजी खायला घातली. फेब्रुवारीतही असेच काहीतरी झाले. मी हो म्हणालो आणि सही केली. जावयांनी कागदाची एक प्रत मला दिली. माझ्या सहीवर फुंकर मारली, शाई वाळावी म्हणून.

१४ मार्च, शुक्रवार

प्रत तीनदा वाचली. एका शब्दापाशी थांबायला होते.

नकाशावर ओढा आणि नदी यांच्या रेघेत फक्त जाडीचा फरक असतो. पण ओढ्याची रेघ जाड काढली तर खालच्या गावाला वाटते आपल्याकडे नदी आहे. माझ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला हे सांगितले होते. माझी चूक झाली होती, म्हणून सांगितले. त्या सांगण्याला काय म्हणायचे? वॉर्निंग नव्हती ती. दार लावून घेतले होते, खुर्चीवर बसवले होते.

शब्दकोश काढला. वॉर्न म्हणजे येणाऱ्या धोक्याची आगाऊ कल्पना देणे, ताकीद देणे. त्याच्या आसपासचेही पाहिले. कॉशन म्हणजे जपून राहा असे सांगणे. रिप्रूव्ह म्हणजे दोष दाखवणे. ॲडमॉनिश म्हणजे आपुलकीने कानउघाडणी करणे. शब्द सगळे एकाच आळीतले. पण वॉर्न केलेल्या माणसाला पुढे काय होऊ शकते ते माहीत असते, आणि तरी तो करतो. ॲडमॉनिश केलेल्या माणसाला एवढेच माहीत असते की आपल्या माणसाला वाईट वाटले.

कान उपटून भजी खायला घातली, हे यातले कुठले?

१६ मार्च, रविवार

ताईकडे गेलो. जेवण झाल्यावर जावयांना विचारले. सरळ विचारायला मला वेळ लागला, आधी पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो. मग म्हणालो, त्याला तुम्ही वॉर्न केलं होतं की ॲडमॉनिश?

ते हसले. "बाबा, शब्दांचा कीस काय पाडताय? रागावलो होतो, झालं. इंग्रजीत कसंही लिहा, पोरगा ऐकत नव्हता हेच खरं."

मी म्हणालो, रागावणे निराळे. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, पुरे ना आता." भांडी घासणे तिने थांबवले नव्हते. पाणी मात्र बंद केले होते.

मी चपला घातल्या. माझेच चुकत असेल. माणूस गेला की घरचे शब्दांना चिकटून बसतात असे मी इतरांच्या बाबतीत पाहिले आहे.

१७ मार्च, सोमवार

मोरीचा नळ गळत होता. वायसर बदलला.

१९ मार्च, बुधवार

सुरक्षा खात्याकडून पाकीट आले. २६ तारखेला हजर राहायचे आहे. सोबत चौकशीच्या कागदांच्या प्रती. त्यात दोन चिठ्ठ्यांच्या रंगीत प्रती आहेत, गुलाबी. एक ८ जानेवारीची, एक ६ फेब्रुवारीची. दोन्हींवर मी शब्दकोशात पाहिले तेच चार शब्द छापलेले आहेत, त्यातल्या वॉर्न्डवर खूण. खाली जावयांची सही. त्याखाली खारूची.

सही चांगली आहे. घाईत पाहणाऱ्याला त्याचीच वाटेल. खारू शेवटचा फाटा वर नेऊन सोडायचा, पेन उचलून. इथे तो खाली वळून थांबला आहे, दोन्हीकडे. मी अक्षरे काढण्यात जन्म घालवला. असा फाटा कोण वळवते ते मला माहीत आहे. दहावीच्या फॉर्मच्या वेळी टेबलावर पहिली सही जिने नमुना म्हणून काढून दिली होती तीतही तो असाच होता. खारूने पुढे तो आपल्या सवयीने बदलला.

आज याहून जास्त लिहीत नाही.

२० मार्च, गुरुवार

रात्री झोप नाही. महिना झाला. सकाळी खारूच्या खोलीत गेलो, गादी उन्हात टाकायला. गादीखाली कंपनीचे नियमांचे पुस्तक निघाले. परीक्षेसाठी वाचत असावा, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. जावयांना मी आणखी कागद नाहीत म्हणालो तेव्हा मला खरेच माहीत नव्हते.

चिठ्ठ्यांबद्दल दीड पान आहे. पांढरी चिठ्ठी सुपरवायझर स्वतःच्या अधिकारात देतो. एकांतात बोलायचे, निम्मी चिठ्ठी कामगाराला द्यायची, सही घ्यायची नाही, वर कळवायचे नाही. ॲडमॉनिशसाठी ती. जावयांनी पिशवीतून नेल्या त्या याच. गुलाबी चिठ्ठी वॉर्निंगची. तिच्यावर कामगाराची सही, प्रत मुख्य कचेरीला, आणि त्या दिवसापासून आठ दिवस तो माणूस शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, उतरायचा नाही. त्याला पुन्हा प्रशिक्षण. परवान्याची परीक्षा एक वर्ष पुढे.

शेवटच्या ओळीखाली खारूने दोन रेघा मारल्या आहेत.

मला एक गोष्ट लिहायची आहे. ती आठ दिवस टाळतो आहे. उद्या लिहीन.

२१ मार्च, शुक्रवार

लिहितो. जानेवारीत खारूने कान उपटल्याचे सांगितले, त्या संध्याकाळी मी जावयांना फोन केला होता. तो घाईत टपावरचा खटका न फिरवता काम करतो हे त्यांनी मला तेव्हाच सांगितले. मी म्हणालो, पोर तुमच्याच हाताखाली आहे, समजावून सांगा, पण लिखापढी करू नका. त्याची परीक्षा आहे. जावयांनी माझे ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुमचा शब्द मी कधी मोडलाय का, बाबा?"

मोडला नाही. फेब्रुवारीतही समजावूनच सांगितले.

म्हणजे ताकीद कोणीच दिली नाही. मी देऊ दिली नाही.

दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या इमारतीत गेलो. तिथल्या लिफ्टची देखभाल दर महिन्याला खारू करायचा, माझी कवळी तिथेच बसवली म्हणून मला ठाऊक. त्यांच्या कामाची एक पद्धत आहे. प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये भिंतीला एक कार्ड टांगलेले असते. आलेला मेकॅनिक त्यावर तारीख टाकतो, काय केले ते लिहितो आणि आद्याक्षरे मारतो. ते कार्ड भरेपर्यंत कोणी खाली काढत नाही. सुपरवायझरला एवढ्या इमारतींची कार्डे बघायला वेळ नसतो.

वॉचमनला म्हणालो, माझ्या मुलाचे अक्षर बघायचे आहे. तो खारूला ओळखत होता. काही न विचारता किल्ली घेतली आणि माझ्या पुढे सात जिने चढला. मध्येच म्हणाला, "काका, लिफ्ट चालू आहे हो." मी म्हणालो, असू दे.

कार्डावर १० जानेवारी. शाफ्ट साफ केला, टपावरून दोरखंडांना तेल दिले. ११ फेब्रुवारी. तेच. दोन्ही ठिकाणी त्याची आद्याक्षरे आणि वर सुटलेला फाटा.

आठ जानेवारीच्या ताकिदीनंतर दहा तारखेला तो शाफ्टमध्ये होता. सहा फेब्रुवारीच्या ताकिदीनंतर अकराला. आठ दिवस त्याला कोणी बाहेर ठेवलेच नव्हते. त्या चिठ्ठ्या तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या.

वॉचमन म्हणाला, सातही जिने एका दमात चढायचा. मी मान हलवली.

२३ मार्च, रविवार

जावई घरी नाहीत अशा वेळी ताईकडे गेलो. नियमांचे पुस्तक टेबलावर ठेवले. कार्डाचे सांगितले. तिने पुस्तक उघडले नाही.

बराच वेळ तिने मला पाणी हवे का, पंखा वाढवू का, असेच विचारले. मग एकदम बोलली. "मुख्य कचेरीने ह्यांना विचारलं, माहीत असून थांबवलं का नाही. लेखी काहीच नव्हतं, बाबा. ह्यांच्यावर खटला होणार होता."

मी म्हणालो, म्हणून त्याच्या नावावर लिहायचे?

"तो गेला. त्याला आता काय लागतंय? आता ह्यांनाही घालवू मी?"

त्याला काही लागत नाही, मी म्हणालो. मला लागते. दोनदा लेखी ताकीद मिळूनही ज्याने ऐकले नाही असा तो होता, हे मी आयुष्यभर वाचायचे का?

तेव्हा ती म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "लिहू नका म्हणून फोन कुणी केला होता? ह्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तुमचा मान राखला म्हणून ही वेळ आली. ते मी कुणाकडे बोलले का?"

मी नियमांचे पुस्तक पिशवीत घातले. सहीबद्दल मी विचारायचे ठरवून गेलो होतो. विचारले नाही. तिचा उजवा हात टेबलावर होता, तो तिने मांडीवर घेतला.

निघताना दारात म्हणाली, "सव्वीसला जे काय बोलाल ते विचार करून बोला. मग इथलं येणंजाणं राहील असं धरू नका."

आपल्याच लेकीने मला दम दिला. यालाही एक शब्द असेल. शोधला नाही.

२५ मार्च, मंगळवार

जावयांचा फोन आला. त्यांचा आवाज ऐकून मला पहिल्यांदाच राग आला. त्यांनी दोन वेळा बाबा म्हटले आणि थांबले. मग म्हणाले, मी त्याला माझ्या भावासारखा वागवला. मी म्हणालो, हो. ते खरे आहे. त्यांनी फोन ठेवला की मी ठेवला ते आठवत नाही.

दिवसभर विचार केला. गप्प राहिलो तर मुलगी राहते. बोललो तर मुलगा, नावापुरता. दोघांना एका कागदावर बसवता येत नाही.

त्यांनी मला न विचारता चिठ्ठ्या केल्या याचा इतका सल नाही. माझ्याकडून त्याची सही नेली, माझ्याच हाताने, आणि मी वर तिला बरे वाटावे म्हणून गोष्ट सांगत बसलो. माझ्या हो म्हणण्याचा खिळा करून त्याच्या नावावर पाटी ठोकली.

२६ मार्च, बुधवार

अकराला हजर झालो. खोली लहान, टेबलावर काच, काचेखाली दूरध्वनी क्रमांकांची यादी. चौकशी अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला. जावई समोरच्या खुर्चीत बसले होते. ताई बाहेर बाकावर.

बाईंनी माझा जबाब वाचून दाखवला आणि हेच खरे ना, असे विचारले. मी म्हणालो, एक शब्द बदलायचा आहे. जावई माझ्याकडे बघत होते. मी काचेखालच्या यादीकडे बघत बोललो. कार्डावरच्या दोन तारखा सांगितल्या. नियमांचे पुस्तक उघडून दिले. बाईंनी पान दोनदा वाचले, शिपायाला बोलावून ते कार्ड ताब्यात घ्यायला लगेच माणूस पाठवा म्हणाल्या.

मग विचारले, "वॉर्न नाही, तर काय लिहू?"

"ॲडमॉनिश," मी म्हणालो. "प्रेमाने दोन शब्द सुनावले होते. धोका आहे, काम बंद ठेव, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तसं लिहून देऊ नका म्हणून जावयांना फोन मी केला होता."

बाईंनी पेन खाली ठेवले. हे नोंदले तर दोष थोडा तुमच्याकडेही येतो, असे त्यांनी समजावले. मी लिहा म्हणालो. त्यांनी लिहिले.

मग गुलाबी चिठ्ठ्या माझ्यासमोर ठेवल्या. ही सही तुमच्या मुलाची आहे का? मी म्हणालो, नाही. कोणाची असेल? जावयांनी डोळे मिटले होते. मी चिठ्ठ्या उलट्या करून ठेवल्या. शेवटी म्हणालो की माझ्या मुलाची नाही एवढे मी सांगू शकतो, पुढचे मला विचारू नका. बाईंनी चष्मा काढला. अक्षरतज्ज्ञाकडे पाठवू, म्हणाल्या, आणि चिठ्ठ्या पाकिटात घातल्या.

बाहेर आलो. ताई बाकावरून उठली.

"माझं नाव घेतलंत?"

"नाही."

"मग अर्धवट कशाला सोडलंत? आता तज्ज्ञ घेईल." ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी ताप आल्यावर बघायची तशी. मग जावई बाहेर आले आणि तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. दोघे जिन्याने खाली गेले. ती एकदा वळेल असे वाटले, म्हणून मी कठड्यापाशी थांबलो. खालचे दार आपटल्याचा आवाज आला तेव्हा निघालो.

तिला वाचवले की अडकवले ते मला कळत नाही. मुलाच्या नावावरचे खोटे काढले, आणि त्या जागी माझे लिहून आलो, एवढे कळते.

वाटेत दूध घेतले. घरी येऊन चपला काढल्या, हातपाय धुतले. पातेले विसळून दूध तापत ठेवले. उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला आणि शेजारी उभा राहिलो.